अर्थिंगला मीठ-पाणी

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, त्यामुळे माझी गाडी बिघडली की ओळखीच्या लोकांना मनापासून आनंद होतो. "मॅडम, तुम्हालाच कळंना तर आमचं काय?" असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते बोर्डाच्या निकालाच्या दिवशीसुद्धा दिसत नाही. गेल्या हिवाळ्यात हे समाधान मी नांदेडभर वाटत फिरले. गाडीचे हेडलाइट आठवड्या-आठवड्याला मंद होत चालले होते आणि का, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. मला तर नाहीच.

माझं घर आणि कॉलेज नांदेडला, विष्णुपुरीच्या रस्त्यावर. वडील लातूरला, एकटे. आई गेल्यापासून दर शनिवारी कॉलेज सुटलं की मी गाडी काढते, लोहा, अहमदपूर, चाकूर करत दिवस मावळताना लातूरला पोचते, रविवार त्यांच्याजवळ काढते आणि सोमवारी पहाटे पाचला निघून दहाच्या तासाला नांदेडला हजर होते. थंडीच्या दिवसांत त्यातला पहिला दीड तास काळोखाचा. म्हणजे माझं हे येणं-जाणं दोन हेडलाइटच्या जिवावर चाललेलं. ते बंद पडले तर माझं जाणं बंद, आणि माझं जाणं बंद झालं तर दादांचं लातूरला राहणं बंद. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. बोलत कुणीच नव्हतं.

दादा म्हणजे माझे वडील. आमच्याकडे वडलांना दादाच म्हणतात. नोकरी लाइनमनची, तीस-बत्तीस वर्षं औसा तालुक्यातल्या खांबांवर गेली. आमच्या भावकीतले पहिले सरकारी नोकरदार तेच. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी रस्त्यानं चालताना मान खाली नसते, तारेकडे असते. गल्लीतल्या विहाराची वायरिंग त्यांनी स्वतः केली आहे आणि रोज सकाळी विहार उघडून दिवा लावायचं काम त्यांच्याकडे आहे. "तिकडं नांदेडला काय करू मी? तुमच्या घरात तर पंखा बी मोबाइलवर लागतो," असं ते म्हणतात. पंखा मोबाइलवर लागत नाही, रिमोटवर लागतो. पण वाद घालून उपयोग नसतो.

घरात त्यांचा एक नियम होता आणि आम्हा भावंडांना तो फार जाचायचा. ज्यानं बटण बंद केलं, त्यानंच ते चालू करायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. एकदा मेन स्विच मी बंद केला आणि खेळायला निघून गेले. आईनं अंधारात भाकरी थापल्या, पण दादांनी स्विचला हात लावला नाही, मला शोधून आणलं. तेव्हा मला ते खूळ वाटलं होतं. पुढं कळलं की लाइनमनच्या कामात हा नियम जिवाचा असतो. खांबावर माणूस चढलेला असताना खाली दुसऱ्या कुणी शहाण्यानं लाइन चालू केली तर वरचा माणूस वरच राहतो. म्हणून ज्यानं लाइन घालवली, त्यानंच आणायची. दादांचा एक सोबती असाच गेला होता. त्याविषयी ते कधी बोलले नाहीत, पण नियम घरापर्यंत आणला.

दुसरी गोष्ट हात जोडण्याची. आमच्याकडे तिन्हीसांजेला बल्ब लागला की बायका-पोरं त्याला हात जोडतात. दादा घरी असले की म्हणायचे, "बल्बला काय जोडायलात? खांबावर मी चढलो हुतो." आई म्हणायची, "तुमालाच जोडले, बसा आता." किल्लारीच्या भूकंपानंतर दादा तिकडं पत्र्याच्या शेडला लाइन जोडायला गेले होते. पंधरा-वीस दिवसांनी परत आले तेव्हा आईनं विचारलं, तिकडं कसं आहे. ते म्हणाले, "शेडात पयला बल्ब लागला. कुनीच हात जोडले न्हाईत. नुसते बघत बसले बल्बाकडं." एवढंच. त्या दिवसापासून ते थट्टा करायचे बंद झाले आणि मीही बल्बला हात जोडायची सोडून दिली. मला तेव्हा नववीत वीज शिकवायला लागले होते आणि मी फार हुशार झाले होते.

आता गाडी.

सुरुवात दिवाळीनंतर झाली. हेडलाइट जरासे पिवळे वाटायला लागले. आधी वाटलं काच मळली असेल, मग वाटलं माझा चष्मा. मग चमत्कार सुरू झाले. डावीकडचा इंडिकेटर लावला की हेडलाइट त्याच्या तालावर मिचमिच करायचे. ब्रेक दाबला की रेडिओतली बाई गप्प व्हायची, पाय काढला की पुढचं वाक्य बोलायची. हॉर्न वाजवला तर तो सर्दी झाल्यासारखा निघायचा. पण गाडी सुरू मात्र एका फटक्यात व्हायची. यामुळं सगळे गोंधळले. बॅटरी खराब म्हणावी तर स्टार्टर एवढा जोरात कसा फिरतो?

नांदेडच्या गॅरेजात बॅटरी बदलून झाली. बल्ब बदलून झाले. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर काढून, तपासून, पुसून परत बसवून झाला. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर गॅरेजात नेला आणि बॅटरीच्या दोन टोकांना लावला. बारा पॉइंट सहा व्होल्ट. इंजिन चालू केलं, चौदाच्या वर. सगळं पुस्तकाप्रमाणे. बॉनेटखाली वाकून, हातात मीटर धरून मी मेकॅनिकला म्हणाले, "बघा, वीज बरोबर आहे." तो म्हणाला, "हाव मॅडम, वीज बरोबर हाय. उजेड कुठं हाय?"

मी चिडून मीटर गुंडाळला. त्याच रात्री दादांचा फोन आला. ते रोज जेवण झाल्यावर फोन करायचे आणि पहिला प्रश्न गाडीच्या दिव्याचा असायचा, मग माझा.

"लाइटीचं काय झालं?"

"काही नाही झालं."

"बॅटरी बघितलीस?"

"नवीन टाकली."

"बल्ब?"

"तेही नवीन."

"मंग ऱ्हायलं काय?"

माझं डोकं आधीच तापलेलं. मी म्हणाले, "अर्थिंग कमी पडत असेल, दादा! तुमच्या डीपीसारखं!" आणि हसून फोन ठेवला.

ज्यांना खेडं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गावाला वीज देणारा खांबावरचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे डीपी. त्याची अर्थिंगची तार खाली जमिनीत पुरलेली असते. आमच्याकडे उन्हाळ्यात जमीन अशी वाळते की त्या खड्ड्यातली ओल मरते, अर्थिंग सुटतं आणि गावातले अर्धे बल्ब विझू-विझू होतात, अर्धे उडतात. मग त्या खड्ड्यात मीठ-पाणी ओतायचं. गावानं घागरभर पाणी द्यायचं, कुणीतरी मिठाचे खडे आणायचे, लाइनमननं ओतायचं. घटकाभरात दिवे ताळ्यावर यायचे. लहानपणी मी हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. प्यायला पाणी नसलेल्या गावानं त्या खड्ड्यासाठी घागर काढून दिलेली मी पाहिली आहे. तेव्हा वाटायचं, जमिनीला तहान लागली होती.

माझ्या थट्टेतलं ते वाक्य मी विसरूनही गेले.

पुढचे पाच-सहा आठवडे गाडी बिघडत गेली. नांदेडला जरा बरी असायची, लातूरहून परतताना वाईट. मी त्याचीही कारणं शोधली: थंडी, दव, चाकूरच्या बाजूचे खड्डे. सोमवारी पहाटे उठून बाहेर यावं तर दादा गाडीजवळ उभे असायचे, मफलर गुंडाळून, हातात तांब्या. काच धुतली असणार, असं मी धरून चालले. "कशाला पाण्यात हात घालता एवढ्या थंडीत?" म्हणून रागवायचे. ते म्हणायचे, "लाव बरं लाइट." मी लावायची. ते गाडीपुढं जाऊन बघायचे आणि म्हणायचे, "हां. आता बरी हाय. जा." मला त्यातून काहीच कळलं नाही. सगळं डोळ्यांपुढं होतं आणि मला कळलं नाही. अजूनही आठवलं की मला स्वतःचं नवल वाटतं.

मग तो सोमवार आला. थंडीतलं धुकं, उसाचे दिवस. चाकूरच्या पुढं रस्ता सरळ आहे म्हणून मी जरा वेगात होते. हेडलाइट अचानक असे बसले की पुढं दोन पिवळे ठिपके फक्त उरले. मी बटण खालीवर केलं, आणि नजर वर आली तेव्हा समोर ऊस होता. नुसता ऊस, रस्त्याच्या मध्ये उभा. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, मागं ना लाल दिवा ना चमकती पट्टी. ब्रेक लागला. गाडी आडवी होऊन थांबली आणि उसाचे शेंडे काचेवर टेकले. ट्रॅक्टरवाल्याला पत्ताच नव्हता, तो गाणं वाजवत निघून गेला. मी उजाडेपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून राहिले.

हे मी घरी सांगायला नको होतं, पण सांगितलं. माझे यजमान मोजकं बोलणारे आहेत. ते म्हणाले, "गाडी काढून टाकू. दादांना इकडं आणू." मी त्यांच्याशी भांडले नाही, कारण ते बरोबर बोलत होते. शनिवारी उजेडातच लातूरला पोचले आणि दादांना ट्रॅक्टरची गोष्ट सांगितली. यजमान काय म्हणाले तेही सांगितलं. दादा म्हणाले, "धुकं व्हतं न्हवं त्या दिशी?" मी म्हटलं, होतं. "हं," म्हणाले आणि उठून आत गेले. सकाळी बघितलं तर खाटेवर त्यांची कापडी पिशवी भरून तयार. दोन सदरे, आईचा फोटो, आणि सगळ्यांत वर फडक्यात गुंडाळलेली त्यांची पक्कड आणि टेस्टर. विहाराची किल्ली त्यांनी शेजारच्यांकडे देऊनही टाकली होती.

ज्या माणसाला खांबावरून कुणी उतरवू शकलं नाही, त्याला दोन बल्ब घराबाहेर काढत होते. मी म्हणाले, "आज रविवार आहे. अजून एकदा दाखवू कुणाला तरी." शेजाऱ्यांनी औसा रोडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनचं दुकान सांगितलं. दादा म्हणाले, "मी बी येतो." पिशवीही बरोबर घेतली.

दुकान म्हणजे पत्र्याची शेड, त्याला एक शटर आणि आत वायरींचा डोंगर. माणूस पंचावन्नच्या आसपासचा, काटकुळा, दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा. मी त्याला सगळा इतिहास सांगायला सुरुवात केली: बॅटरी किती, अल्टरनेटर किती, व्होल्ट किती. तो दोन मिनिटं ऐकत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, तुमी लई चांगलं सांगायलात. आता गाडीला बोलू द्या."

मला राग आला, पण मी गाडीत बसले. त्यानं बॉनेट उघडलं नाही. समोर स्टूल टाकून बसला, मांडीवर हात ठेवून. "हेडलाइट लावा. इंडिकेटर लावा. आता डावा काढा, उजवा लावा. ब्रेक. हॉर्न. हॉर्न आन् ब्रेक संगंच." दिवे मिचमिचत होते आणि तो नुसता बघत होता. मग हसला. "सगळे एकाच बारक्या दारातून बाहेर पडायलेत बघा. म्हणून ढकलाढकली करायलेत."

मग त्यानं बॉनेट उघडलं. मी उतरून जवळ गेले. मला वाटलं आता मीटर काढील. त्यानं एक हातभर जाड वायर घेतली, तिचं एक टोक बॅटरीच्या काळ्या टोकाला धरलं आणि दुसरं टोक गाडीच्या पत्र्याला टेकवलं.

दिवे उसळले. दुसरा शब्द मला सापडत नाही. समोरच्या भिंतीवर दुपारच्या उजेडातसुद्धा दोन पांढरे गोल उमटले. त्यानं वायर उचलली, दिवे पिवळे. टेकवली, पांढरे. उचलली, टेकवली. ना पाना, ना स्क्रू, ना नवा भाग. एक वायर. बावीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले आहे की वीज निघते तिथं तिला परत यावं लागतं. परतीची वाट अरुंद झाली की दाब तिथंच खर्ची पडतो आणि दिव्यापर्यंत पोचत नाही. त्यावर गणितं घातली, पोरांचे मार्क कापले. आणि स्वतः मीटर घेऊन वाकले तेव्हा फक्त निघायच्या जागी मोजलं, परतीच्या वाटेवर मोजलंच नाही. दादांना थट्टेत बोलले होते तेच खरं होतं. अर्थिंग कमी पडत होतं. माझ्या तोंडून बरोबर उत्तर निघालं होतं आणि माझाच त्यावर विश्वास नव्हता.

"स्टार्टरचं अर्थिंग येगळं हाय, जाड हाय, थेट इंजिनाला," तो म्हणाला. "म्हणून गाडी फटक्यात सुरू व्हायची. बॉडीची ही बारकी वायर आधी ढिली झाली, आता पार गेली." त्यानं त्या काळ्या वायरीवरून बोटांची मागची बाजू फिरवत नेली, जिथं ती पत्र्याला नटानं आवळली होती तिथपर्यंत. "बघा, गरम हाय." मी हात लावला. खरंच गरम होतं. हरवलेला सगळा उजेड त्या नटापाशी ऊब होऊन बसला होता.

नटावर पांढरी-हिरवी बुरशी चढली होती. त्यानं ती नखानं खरवडली, वास घेतला आणि मी ओरडेपर्यंत जिभेच्या टोकाला लावली. थुंकला.

"हे ॲसिड न्हाई मॅडम," तो म्हणाला. "खारट हाय. मीठ हाय हे." मग जरा वेळ त्या नटाकडे बघत राहिला. "लातूरला प्यायला पाणी न्हाई. समुंदर कुठून आला?"

मी हसले. मागं बाकड्यावर दादा बसले होते. ते हसले नाहीत. ते उठून उभे राहिले, गाडीपाशी आले आणि वाकून त्या नटाकडे बघितलं. कमरेवर हात ठेवून सरळ झाले.

"म्या घातलं," ते म्हणाले.

इलेक्ट्रिशियननं माझ्याकडे बघितलं. मी दादांकडे.

"तू फोनवर म्हनलीस अर्थिंग कमी पडायलंय. तू फिजिक्सची मास्तरीन. मंग मी बघितलं, काळी वायर कुठं जाती ते. दर सोमवारी तू उठायच्या आदी तांब्याभर मीठ-पानी घालून ऱ्हायलो. वायर हालवून बसवली की लाइट वाढायची. वाटलं, लागू पडलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "टॅक्टरच्या दिशी बी घातलं व्हतं. धुकं व्हतं म्हनून दोन तांबे."

माझं डोकं सणकलं. खोटं कशाला बोलू? तोंडात आलं होतं की दादा, मला मारायलाच निघाला होतात तुम्ही. आलं होतं अगदी ओठावर. मग डोळ्यांसमोर तो तांब्या आला. चार वाजता उठून, स्वयंपाकघरात दिवा न लावता, माझी झोप मोडू नये म्हणून अंधारात मीठ कालवणारा पंचाहत्तरीचा माणूस. दर सोमवारी. धुकं असेल तर दोन तांबे. आणि त्याच्या हातात हे मीठ दिलं कुणी? मी. हसून फोन ठेवला होता मी. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता, मी जेवढा कधीच ठेवला नव्हता तेवढा. तोंडातलं वाक्य मी गिळलं. ते अजून कुठंतरी आत असेल, पण बाहेर आलं नाही याचं मला बरं वाटतं.

इलेक्ट्रिशियन मात्र हसला नाही की "काय मामा तुमी" म्हणाला नाही. त्यानं स्टूल ओढून दादांना दिलं. "मामा, लाइनीत होते का तुमी?"

"व्हय. औशाला."

"तरीच. डीपीचं अर्थिंग जमिनीत जातंय मामा, तिथं मीठ-पाणी पायजे. पण गाडी तर रबरावर उभी हाय. हिचा जमिनीशी संबंधच न्हाई. हिचं अर्थिंग म्हंजी हिचाच पत्रा. बॅटरीतून निघायचं, दिव्यात जायचं, पत्र्यातून फिरून परत बॅटरीत."

दादांनी गाडीकडे बघितलं. चाकांकडे बघितलं, मग पत्र्यावर हात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरची ओशाळी छटा जाऊन तिथं दुसरंच काही येत होतं. "म्हंजी हिला जमीनच न्हाई," ते हळूच म्हणाले. "एवढे दिवे, हारन, रेडू, पंखा. सगळं गाव घेऊन फिरायली आन् जमिनीला शिवत न्हाई."

"हाव."

"आन् तरी परत येतंय? सगळं?"

"सगळं परत येतंय, मामा. आलं न्हाई तर दिवाच लागत न्हाई."

दादा बराच वेळ तसेच पत्र्यावर हात ठेवून उभे राहिले. बावीस वर्षांत माझ्या वर्गात असा एक विद्यार्थी मला मिळालेला नाही. वीज कळून आयुष्य गेलेला माणूस, तिच्यासाठी जिवाची बाजी लावलेला, आणि पंचाहत्तरीत तिला पहिल्यांदा बघावं तसा बघत होता. मी त्यांच्याशेजारी उभी होते आणि मलाही पहिल्यांदाच ते दिसत होतं.

इलेक्ट्रिशियननं पॉलिश पेपरचा तुकडा फाडला आणि नटाकडे वळला. दादा म्हणाले, "थांबा."

"का?"

"ज्यानं लाइन घालवली, त्यानंच आनायची."

त्या माणसानं पेपर त्यांच्या हातात दिला. दादांनी पिशवीतून फडकं काढलं, सोडलं, पक्कड घेतली. आधी बॅटरीची काळी वायर सुटी केली. मग नट काढला, मग सगळं खरवडलं. पत्रा चांदीसारखा पांढरा होईपर्यंत ते घासत राहिले. दोनदा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "बास झालं मामा." दादांनी ऐकलं नाही. वायरीचं खाल्लेलं टोक तोडून नवं टोक बसवायला मात्र त्यांनी पक्कड त्याच्याकडे दिली. "ह्ये तुमच्या हातचं काम." मग परत घेतली, नट आवळला, वर ग्रीस लावलं, बॅटरी जोडली. तोवर शेडमध्ये सांज झाली होती आणि रस्त्यावर गाड्यांचे दिवे लागले होते.

इलेक्ट्रिशियन मला म्हणाला, "लावा मॅडम."

मी किल्ली दादांपुढं धरली. ते म्हणाले, "मला येत न्हाई चालवायला."

"चालवायचं नाही. लाइन आणायची आहे."

ते गाडीत बसले. माझ्या जागेवर. एवढ्या वर्षांत कधी बसले नव्हते. मी खिडकीतून बटण दाखवलं आणि गाडीपुढं जाऊन उभी राहिले, जिथं ते दर सोमवारी उभे राहायचे.

दिवे लागले. इतके पांढरे, इतके भरून, की मागं कोण बसलंय ते दिसेना. माझे हात आपोआप जुळले. नववीनंतर पहिल्यांदा. कुणाला जोडले, ते मला नक्की माहीत होतं.

उजेडाच्या मागून दादांचा आवाज आला. "दिसायलं का गं बाई, नीट?"

"दिसायलं, दादा."

ते म्हणाले, "मंग उद्या जा खुशाल. आन् शनवारी ये."